लेकरांनी रात्रीच्या जेवणात कोशिंबीर आवडीनं खावी म्हणून

ताई, आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही जालन्याच्या. मुलगा ८ वर्षांचा, मुलगी ४ वर्षांची. मुलाला शौचाला कडक होतं म्हणून डॉक्टरांनी 'सॅलड वाढवा' असं सांगितलं. तुम्ही मोबाइलवर बघून लेट्यूस, ऑलिव्ह तेल, चीज आणलं, रोज रात्री सॅलड करता आणि ते ताटात तसंच राहतं. संध्याकाळी सहाला दूध-बिस्किटं, क्लासहून आल्यावर पाकिटातलं काहीतरी, नऊला जेवण. वरून सासूबाई म्हणतात की रात्री कच्चं आणि दही लेकरांना देऊ नये. तुम्ही विचारलंय, 'मुलांना आवडेल असं पौष्टिक सॅलड कोणतं?'

मी लातूरला बऱ्याच वर्षांपासून लहान मुलांच्या आहाराचं काम करते. हा प्रश्न घेऊन येणाऱ्या आयांना मी पाककृती शेवटी सांगते. आधी विचारते की ताट किती वाजता वाढता आणि त्याआधी दोन तासांत पोटात काय गेलं. तुम्ही ते न विचारताच लिहिलंय, आणि खरी अडचण तिथेच दिसते. नऊ वाजता ताटावर बसणाऱ्या मुलाची निम्मी भूक भागलेली असते. उरलेल्या भुकेसाठी समोर गरम भाकरी, वरण-भात, भाजी आणि एका कोपऱ्यात गार, ओळखीची नसलेली पानं. अशा वेळी मोठं माणूससुद्धा आधी गरम आणि ओळखीचं खातं. कोशिंबीर कितीही चांगली केली तरी त्या जागी ती हरणारच.

म्हणून माझा पहिला आणि सगळ्यात महत्त्वाचा सल्ला वेळेचा आहे. सातनंतरचं पाकीट बंद करा. सहाचं खाणं ठेवा, पण त्यात बिस्किटांऐवजी फुटाणे (धाकटीला भरडून), शेंगदाण्याचा लाडू, एखादा पेरू असं काहीतरी असू द्या. मग साडेआठला तुमची पहिली भाकरी तव्यावर पडते आणि लेकरं 'भूक लागली, भूक लागली' करत ओट्याजवळ घोटाळतात, ती पंधरा मिनिटं पकडा. त्या वेळी त्यांच्या हातात कोशिंबिरीची छोटी वाटी द्या. भाकरी अजून व्हायचीय, दुसरं काही समोर नाही, भूक खरी आहे. 'खा' असं म्हणायचीही गरज पडत नाही. माझ्याकडे येणाऱ्या घरांत बाकी काही न बदलता एवढंच केलं तरी फरक पडतो. ज्या घरात संध्याकाळचं पाकीट सुटत नाही, तिथे कुठलीच पाककृती चालत नाही.

आता कोणती कोशिंबीर, ते काही गोष्टींवर अवलंबून आहे आणि त्या मला इथून दिसत नाहीत. मूल अंगानं कसं आहे? वजन कमी असेल तर नुसत्या काकडी-टोमॅटोनं छोटंसं पोट भरून टाकणं बरोबर नाही. त्याच्या वाटीत कूट, तीळ, घट्ट दही, भिजवलेली डाळ हवी. वजन जास्त असेल तर कूट हात राखून घाला. दात पडत असतील तर कचकचीत गाजर नको, किसून द्या. दूध किती पितो तेही बघा. दिवसाला अर्ध्या लिटरहून जास्त दूध पिणाऱ्या मुलाची जेवणाची भूक मरते आणि शौचही कडक होतं. अशा घरात मी आधी दुधाचा एक पेला कमी करायला सांगते.

किती खायला हवं याचा अंदाज देते. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ साली दिलेल्या सल्ल्यानुसार २ ते ५ वर्षांच्या मुलांनी दिवसभरात किमान २५० ग्रॅम आणि ६ ते ९ वर्षांच्या मुलांनी किमान ३५० ग्रॅम फळं-भाज्या खाव्यात. तंतुमय पदार्थ अनुक्रमे १५ आणि २१ ग्रॅम. हे आकडे दिवसभराचे आहेत. त्यात शिजवलेली भाजी आली, वरणात पडलेला पालक आला, दुपारचं फळ आलं. रात्रीच्या कोशिंबिरीवर सगळा भार टाकायचा नाही. धाकटीनं दोन-तीन चमचे आणि मोठ्यानं अर्धी वाटी खाल्ली तरी त्या जेवणापुरतं चांगलं झालं.

आणि मुलाचं पोट साफ व्हावं हा हेतू असेल तर एक गोष्ट नीट समजून घ्या. लेट्यूस आणि काकडी या दोन्हींत साधारण ९५ टक्के पाणी असतं, तंतू फार थोडे. त्या चांगल्याच आहेत, पण फक्त त्यांच्यावर पोट साफ होणार नाही. गाजरात काकडीच्या दुपटीहून जास्त तंतू असतात. पेरू, भिजवलेले हरभरे, मटकी, मेथी ही खरी कामाची मंडळी. ज्वारीच्या १०० ग्रॅम दाण्यांत सुमारे १० ग्रॅम तंतू असतात, त्यामुळे तुमच्या घरी रात्री भाकरी होते ही फार मोठी गोष्ट आहे. मुलगा भाकरी सोडून मैद्याच्या नूडल्स मागत असेल, तर सॅलडच्या आधी तिकडे लक्ष द्या.

लेट्यूसचा खर्च मी थांबवायला सांगेन. ते वाईट आहे म्हणून नाही. आपल्या गावात पोचेपर्यंत ते मलूल झालेलं असतं, महाग पडतं आणि मुलाच्या जिभेला त्याची काहीच ओळख नसते. बाटलीतल्या मेयोनेजमध्ये मुख्यतः तेलच असतं आणि बऱ्याच तयार ड्रेसिंगमध्ये साखर-मीठ भरपूर. बाटलीच्या मागची घटकांची यादी वाचा, ज्याचं प्रमाण जास्त ते आधी लिहिलेलं असतं. आपल्या मुलांच्या जिभेला शेंगदाण्याचं कूट, जिऱ्या-मोहरीची फोडणी, लिंबू, तीळ, जवसाची चटणी हे सगळं जन्मापासून माहीत आहे. नवी भाजी या ओळखीच्या चवीच्या हाताला धरून आली तर मूल ती लवकर स्वीकारतं. चवीतली एकच गोष्ट नवी, बाकी सगळं जुनं, हा नियम मी कटाक्षानं पाळते.

काकडीपासून सुरुवात करा. घरातल्या चार जणांसाठी दोन मध्यम काकड्या घ्या. आधी टोकाचा तुकडा स्वतः चाखा. कडू लागली तर ती काकडी मुलांना अजिबात देऊ नका. देठाकडच्या भागात कुकर्बिटासिन नावाचं कडू द्रव्य जास्त असतं आणि ते जास्त पोटात गेलं तर मळमळ, जुलाब होतात. काकडी किसू नका, बारीक चोचवा, म्हणजे सुरीनं टोचे मारून बारीक चिरा. किसलेल्या काकडीचं पाणी होतं, चोचवलेली दाताखाली कुरकुरते, आणि मुलांना ती कुरकुर हवी असते. त्यात भाजलेल्या शेंगदाण्याचं तीन चमचे जाडसर कूट, अर्ध्या लिंबाचा रस, चिमूटभर साखर, भरपूर कोथिंबीर. वरून एक चमचा तेलाची जिरं-हिंगाची फोडणी. मीठ अगदी वाढताना घाला. मीठ घालून ठेवलं की काकडीतलं पाणी बाहेर येतं आणि वीस मिनिटांत वाटीत रस्सा होतो. तो पाणचटपणा बघूनच कित्येक मुलं तोंड फिरवतात. बाजारात वाळूक मिळालं तर काकडीऐवजी तेच घ्या. पिकत आलेल्या वाळकाचा वास आणि किंचित आंबटगोड चव मुलांना काकडीपेक्षा लवकर आवडते, असा माझा अनुभव आहे.

गाजराला तुमच्याच जिल्ह्याची जोड द्या. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे आणि तुमच्याकडे ती ताजी मिळते. दोन गाजरं किसा, अर्ध्या मोसंबीचा रस, भाजलेले तीळ एक चमचा, थोड्या मनुका, आणि चमचाभर करडईच्या किंवा शेंगदाण्याच्या तेलाची फोडणी. तेल वगळू नका. गाजरातलं कॅरोटीन शरीरात शोषलं जायला थोडी स्निग्धता लागते, ती नसेल तर बरंचसं तसंच बाहेर जातं. आणि मोसंबी-लिंबातल्या क जीवनसत्त्वामुळे ताटातल्या भाकरी, डाळी आणि पालेभाजीतलं लोह जास्त चांगलं शोषलं जातं. आपल्याकडे लेकरांत रक्त कमी असणं फार दिसतं, म्हणून रात्रीच्या ताटात काहीतरी आंबट असावंच असा माझा आग्रह असतो. चहानं लोह कमी शोषलं जातं, म्हणून जेवणाबरोबर चहा मात्र नको.

मेथीचा घोळाणा हा माझ्या मते आपल्या भागातला सगळ्यात गुणी कच्चा पदार्थ आहे आणि मुलांच्या ताटात तो फार कमी दिसतो. तो मोठ्यांचा, तिखट, भाकरीबरोबर खायचा, असं आपण धरून चालतो. मुलांसाठी तो हळू न्यायचा. कोवळी, छोट्या पानांची मेथी निसून, धुऊन, निथळून घ्या. पहिल्या आठवड्यात काकडी-कुटाच्या कोशिंबिरीत फक्त एक मूठ चिरलेली मेथी. पुढच्या आठवड्यात दोन मुठी. मग हळूहळू काकडी कमी, मेथी जास्त, त्यात पातीचा कांदा, कूट, मीठ, लिंबू आणि कच्चं तेल. तिखट मोठ्यांनी आपापल्या ताटात वरून घ्यावं. लहान मुलांना कडू चव मोठ्यांपेक्षा जास्त झोंबते. तो त्यांचा हट्ट नाही, जिभेचीच घडण तशी असते. म्हणून कडवट भाजीला दोन महिने लागले तरी लागू द्या. डाळिंबाचे दाणे घातले तर गोडानं कडूपणा बराच दबतो.

बीट कच्चं किसून दिलं की मातीसारखा वास येतो आणि मुलं नाकारतात. कुकरला उकडून, गार करून, बारीक फोडी घट्ट दह्यात घाला, जिरेपूड टाका. त्या गुलाबी रंगावर मुली विशेष खूश होतात. दुसऱ्या दिवशी शौचाला किंवा लघवीला लाल दिसलं तर घाबरू नका, तो बीटाचाच रंग. भिजवलेल्या मूगडाळीची कोशिंबीर आठवड्यातून दोनदा करा. दोन तास भिजवलेली डाळ, किसलेली कोबी किंवा गाजर, ओलं खोबरं असेल तर थोडं, लिंबू, फोडणी. मोड आलेली मटकी मात्र मुलांना कच्ची देऊ नका. मोड यायला लागणाऱ्या दमट उबेतच जंतूही वाढतात, म्हणून चांगली वाफ देऊन मगच कोशिंबिरीत घाला. वरून शेव घालावी का, असं पुष्कळ जणी विचारतात. मी भाजलेले शेंगदाणे भरडून किंवा चुरमुरे घालायला सांगते. शेवेची सवय लागली की मूल शेव वेचून खातं आणि खालचं सोडतं.

धाकटीसाठी वेगळी काळजी घ्या. चार-पाच वर्षांपर्यंत कच्च्या गाजराचे गोल तुकडे, अख्खे शेंगदाणे, अख्खी द्राक्षं घशात अडकू शकतात. तिच्या वाटीत सगळं किसलेलं, भरडलेलं, द्राक्ष असेल तर उभं चिरून चार तुकडे. आणि खाताना ती बसलेलीच असली पाहिजे, पळता पळता घास नाही.

धुण्याबद्दल मी कडक आहे. मेथी, कोथिंबीर, कोबी अशा पानांमधून जंतांची आणि टेपवर्मची अंडी पोटात जाऊ शकतात. उन्हाळ्यात टँकरच्या पाण्यावर दिवस काढायची वेळ आपल्याकडे किती घरांवर येते हे मला माहीत आहे. तरीही कच्ची खायची भाजी शेवटी प्यायच्या पाण्यानंच धुवा. आधी साध्या पाण्यात माती बसू द्या, पानं वरच्या वर उचलून घ्या, दुसऱ्या पाण्यातून काढा, तिसरं पाणी प्यायचं. ते धुतलेलं पाणी झाडांना जातं, वाया काही जात नाही. कोबीची वरची दोन-तीन पानं काढून टाका. पावसाळ्यात मी लहान मुलांना कच्ची पालेभाजी द्यायला सांगतच नाही. त्या दिवसांत काकडी, गाजर सोलून आणि बीट, मका, मटकी वाफवून द्या. पाण्याची अगदीच ओढ असेल तेव्हाही हाच मार्ग.

आता मुलांच्या मनाची बाजू. दोन ते सहा या वयात नव्या पदार्थाला नकार देणं अगदी स्वाभाविक असतं. बालआहारावरच्या अभ्यासांतून दिसलंय की एखादी नवी चव स्वीकारायला मुलाला ती ८ ते १५ वेळा समोर यावी लागते. बहुतेक घरांत तीन-चार वेळा झालं की 'आमच्या पोराला गाजर आवडतच नाही' असा शिक्का बसतो आणि गाजर बंद होतं. तसं करू नका. खाल्लं नाही तर वाटी शांतपणे उचला, दोन दिवसांनी पुन्हा चमचाभर ठेवा. एलिन सॅटर या अमेरिकी आहारतज्ज्ञांनी मांडलेली वाटणी मला फार पटते. काय, कधी आणि कुठे वाढायचं हे आईबापांनी ठरवायचं. खायचं की नाही आणि किती, हे मुलानं. 'कोशिंबीर संपव, मग चॉकलेट देते' हा सौदा तर मुळीच नको. त्यातून मूल एवढंच शिकतं की कोशिंबीर ही सोसायची गोष्ट आहे आणि चॉकलेट हे बक्षीस.

मुलाचा हात लागला की चव बदलते, हे मी आमच्याकडे वेळ अमावस्येला दर वर्षी बघते. लातूर-धाराशिवकडे त्या दिवशी सगळं घर शेतात जेवायला जातं. एरवी घरी हिरवं काही न खाणारी पोरं तिथे हरभऱ्याचा ढाळा उपटून कच्चे घाटे सोलून खात बसतात, गाजर मातीतून काढून पुसून तोंडात घालतात. त्या दिवशीच्या भज्जीत, म्हणजे मिसळीच्या भाजीत, किती भाज्या पडल्या हे कुणी विचारत नाही. भूक असते, स्वतः तोडलेलं असतं आणि शेजारी भावंडं तेच खात असतात. रोज शेतात जाता येत नाही, पण शनिवार-रविवारी मुलाला बाजारात सोबत न्या आणि 'आज कोशिंबिरीला काय घ्यायचं ते तू निवड' म्हणा. मेथी निसायला दोघांना बसवा. लिंबू पिळणं, कूट घालणं, डाळिंब सोलणं ही त्यांचीच कामं. धाकटी निसताना दोन पानं तोंडात घालेल. त्याकडे बघू नका, कौतुकही करू नका, खाऊ द्या.

आणि घरातले पुरुष. बऱ्याच घरांत बाबांच्या ताटात कांदा आणि हिरवी मिरची, मुलांच्या ताटात सॅलड असा भेद असतो. मूल बाबांचं ताट बघतं. चौघांच्या ताटात तीच कोशिंबीर पडली पाहिजे, आणि जेवताना टीव्ही-मोबाइल बंद.

सासूबाईंचं काय करायचं? त्यांच्याशी वाद घालू नका, मला त्याची गरज वाटत नाही. सर्दी विषाणूंमुळे होते, काकडीनं होत नाही, हे खरं. पण त्यांच्या म्हणण्यातलं मानण्यासारखंही आहे. फ्रिजमधून काढलेलं थंडगार दही रात्री मुलांना मलाही नको वाटतं, कारण थंड वाटी मुलं हातात धरून बसतात आणि खात नाहीत. दह्याची कोशिंबीर दुपारी किंवा सुट्टीच्या दिवशी करा, रात्री लिंबू-कूट-फोडणीची. भाज्या तासभर आधी फ्रिजबाहेर काढा. गरम फोडणी पडली की ते 'कच्चं' राहिलं असं त्यांनाही वाटणार नाही. आणि घोळाणा त्यांच्याच हातचा मागा. जवसाची, कारळाची चटणी त्यांच्याकडून शिका आणि कोशिंबिरीत चमचाभर घाला. आजीनं केलेलं नातवंडं जास्त चवीनं खातात, आणि स्वतः केलेलं नातवंडांना खाऊ नको, असं आजी म्हणत नाही.

पहिल्या पंधरा दिवसांत एवढंच करा: सातनंतर पाकीट नाही, भाकरी होत असताना छोटी वाटी, रोज काकडी-कूट किंवा गाजर-मोसंबी, मागे लागणं नाही. तिसऱ्या आठवड्यापासून मूठभर मेथी. एकदम सगळे तंतू वाढवलेत तर पोट फुगतं, दुखतं, म्हणून प्रमाण हळू चढवा आणि पाणी बरोबरीनं वाढवा. पाणी कमी असेल तर तंतूंनी शौच उलट जास्त घट्ट होऊ शकतं. शाळेतून पाण्याची बाटली भरलेलीच परत येते का, ते रोज बघा. सकाळी शाळेची घाई सुरू व्हायच्या आधी दहा मिनिटं त्याला शौचाला शांत बसू द्या. कित्येक मुलं शाळेत शौचाला जायचं टाळतात आणि दिवसभर दाबून ठेवतात, त्यानंही शौच कडक होतं.

हे सगळं महिनाभर करूनही फरक पडला नाही, किंवा शौचात रक्त दिसलं, पोट फुगून उलट्या झाल्या, वजन घटू लागलं, चड्डीला नकळत शौच लागायला लागलं, तर कोशिंबिरीवर विसंबून थांबू नका. डॉक्टरांकडे परत जा आणि मुलगा दिवसाला किती दूध, किती पाणी घेतो ते लिहून सोबत न्या.